खिडकीसमोर किती आकाश? रीडेव्हलपमेंट, टीबी आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीट करून.)

कोणी लोकलमध्ये असाल, कोणी क्लासला निघाला असाल, कोणी घरी भांडी घासता घासता ऐकत असाल. जिथे असाल तिथे एकदा मान वर करून बघा. तुमच्या सगळ्यात जवळची उघडी खिडकी कुठे आहे? आणि त्या खिडकीतून आकाश दिसतं का, की समोरच्या बिल्डिंगची भिंत?

आज आपण इमारतींबद्दल बोलणार आहोत. पण भाव काय चाललाय, कर्ज किती मिळेल, हे नाही. इमारत कशी बांधली यावर तिथे राहणारी माणसं किती आजारी पडतात हे ठरतं का? उत्तर आहे, बऱ्याच अंशी हो. आणि आपल्या मुंबईकडे याचा सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे. तो आपण विसरलोय, एवढंच.

मी भाईंदर पूर्वेला, नवघरला राहते. आर्किटेक्चर शिकले, आता एका छोट्या ऑफिसात नकाशे काढते. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख होती, २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. एवढी माणसं राहायला आली म्हणजे इमारती किती घाईत उठल्या असतील, विचार करा. नवघर रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत जुन्या तळमजला अधिक तीन-चार मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. स्लॅबचे तुकडे पडतात, खांबांतल्या सळ्या दिसतात. त्यामुळे ज्या सोसायटीत जाल तिथे विषय एकच, रीडेव्हलपमेंट!

मीटिंगला प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट किती वाढणार? कॉर्पस किती? भाडं किती महिन्यांचं? पार्किंग मिळणार का? सगळे योग्यच प्रश्न आहेत, मीही विचारते. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. नव्या घराची खिडकी उघडल्यावर समोर किती अंतरावर काय असणार आहे? आजचा सगळा भाग या एका प्रश्नाबद्दल आहे.

प्लेग आला आणि मुंबईचा नकाशा बदलला

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात, बंदराजवळच्या गोदामांच्या वस्तीत, डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. प्लेग पुण्यात पोचला. तिथे रँडच्या काळात घरात घुसून तपासण्या झाल्या, आणि पुढे चापेकर बंधूंनी काय केलं ते आपण शाळेत शिकलोय. पण शाळेत एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. या प्लेगमुळे १८९८ साली मुंबईत एक नवी संस्था जन्माला आली, बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट.

ट्रस्टचं काम होतं दाट वस्त्या मोकळ्या करणं, रुंद रस्ते काढणं आणि शहर उत्तरेकडे पसरवणं. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड ही त्यांची कामं. प्रिन्सेस स्ट्रीट काढताना तर कल्पनाच अशी होती की समुद्रावरचा वारा थेट आतल्या गर्दीच्या भागात शिरावा. दादर, माटुंगा, वडाळा, सायन इथले आखीव रस्ते, मैदानं आणि बागाही ट्रस्टच्याच योजनांमधल्या. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये बसून तुम्ही सेल्फी काढता ना, त्या जागेचं मूळ प्लेगमध्ये आहे.

आता गंमत बघा. प्लेग घाणेरड्या हवेने होतो असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. तो पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ सालीच कराचीत हे दाखवून दिलं होतं, पण ते पटायला बरीच वर्षं गेली. म्हणजे रुंद रस्ता हा काही प्लेगवरचा नेमका इलाज नव्हता. शिवाय ट्रस्टने गरिबांच्या चाळी पाडल्या त्या वेगाने नव्या बांधल्या नाहीत. बेघर झालेली माणसं शेजारच्या चाळीत जाऊन दाटीवाटीने राहू लागली. एका गल्लीतली गर्दी कमी झाली, बाजूच्या गल्लीत वाढली. हा धडा लक्षात ठेवा. माणसांना कुठे ठेवणार हे न ठरवता वस्ती पाडली, तर रोगाला फक्त नवा पत्ता मिळतो.

पण त्याच ट्रस्टने एक नियम लावून धरला होता, आणि तो मला फार आवडतो.

साडेत्रेसष्ट अंश

ट्रस्टचे चेअरमन होते जे. पी. ऑर. १९१०च्या दशकात ते उजेड आणि हवा या विषयाच्या अक्षरशः मागे लागले होते. नियम असा होता. खोलीच्या खिडकीपाशी, जमिनीच्या पातळीवर उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघायचं. ती नजरेची रेघ जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. जास्त झाला, तर खोलीला पुरेसं आकाश नाही.

हा विचित्र आकडा कुठून आला? भूमितीतून. ६३.५ अंशांचा कोन म्हणजे उंची दोन आणि अंतर एक. सोप्या मराठीत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं. समोर २० मीटर उंच इमारत असेल तर मध्ये १० मीटर. बस्, एवढंच. ना कॉम्प्युटर लागतो, ना कन्सल्टंट.

आता हा नियम घेऊन शंभर वर्षं पुढे येऊ आणि गोवंडी-मानखुर्दला जाऊ.

गोवंडीत काय झालं

रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत ज्यांची घरं गेली, अशा हजारो कुटुंबांना मुंबईच्या पूर्व उपनगरात पुनर्वसनाच्या इमारतींत घरं मिळाली. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड ही त्यातली नावं. झोपडीतून पक्क्या घरात, स्वतःचा संडास, वर लिफ्ट. कागदावर सगळं सुधारलं.

पण तिथे टीबीचे रुग्ण खूप दिसायला लागले. म्हणून डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईतल्या तज्ज्ञांबरोबर अभ्यास केला. तो २०१८ मध्ये बाहेर आला. या दोन वसाहतींची तुलना जवळच्याच पीएमजीपी कॉलनीशी केली, जिथे इमारतींमध्ये मोकळी जागा जास्त आहे. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये टीबी असलेल्या घरांचं प्रमाण पीएमजीपीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. इमारतींची मांडणी, घरात येणारा उजेड आणि खेळती हवा यांचा टीबीशी संबंध दिसला. खालच्या मजल्यांची अवस्था सगळ्यात वाईट होती.

तिथे दोन इमारतींमधलं अंतर किती, माहितीय? जेमतेम ३ मीटर. आता ऑरसाहेबांचा नियम लावा. सात मजली इमारत साधारण २१ मीटर उंच धरू. निम्मं म्हणजे साडेदहा मीटर हवेत. मिळाले ३. कोन काढला तर येतो सुमारे ८२ अंश. म्हणजे खालच्या खिडकीतून आकाश बघायचं तर जवळजवळ सरळ वर बघावं लागेल.

आणि अंतर कमी असलं की आणखी एक गोष्ट होते. त्या ३ मीटरच्या बोळात वरून कचरा पडतो. वास येतो, डास येतात, उंदीर येतात. समोरच्या घरातून आपलं घर दिसतं. मग लोक काय करतात? खिडकी बंद करतात, पडदा लावतात. नकाशावर खिडकी आहे, मंजुरी मिळाली आहे, पण ती कधी उघडतच नाही! जी उघडता येत नाही ती खिडकी कसली, ती काचेची भिंत झाली.

एक सांगून ठेवते. टीबी फक्त खिडकीमुळे होत नाही. पोषण, गर्दी, उपचार अर्धवट सोडणं, डायबिटिस, ही सगळी कारणं आहेत. आणि खिडकी उघडल्याने टीबी बरा होत नाही, औषधाने होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ती घ्या, लपवू नका.

हवा मोजता येते

टीबी हवेतून कसा जातो हे अमेरिकेत बाल्टिमोरला १९५०च्या दशकात एका प्रयोगात नीट दाखवलं गेलं. टीबीच्या वॉर्डातली हवा पाइपातून वर ठेवलेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णाचा आणि प्राण्याचा काही संपर्क नाही, फक्त हवा. तरी गिनीपिगांना लागण झाली. त्याच हवेवर अल्ट्राव्हायोलेट किरण सोडून ती दुसऱ्या पिंजऱ्यांना दिली, तिथे लागण झाली नाही.

म्हणजे प्रश्न असा, खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते? पेरू देशात लिमा शहरातल्या हॉस्पिटलांत हे मोजलं, २००७ मध्ये छापून आलं. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या, पन्नास वर्षांहून जुन्या खोल्यांत सगळं उघडल्यावर हवा तासाला सरासरी ४० वेळा बदलत होती. नव्या पद्धतीच्या, खिडक्या उघडणाऱ्या खोल्यांत १७ वेळा. आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या बंद खोल्यांत १२. आजोबांच्या काळातला दवाखाना जिंकला, मंडळी!

आणि घरातला स्प्लिट एसी? तो बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा गार करून फिरवतो. तुमचा क्लास, अभ्यासिका, जिम, जिथे पन्नास जण दार बंद करून एसीत बसतात, तिथे तुम्ही एकमेकांचे उच्छ्वास वाटून घेताय. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर असेल तर बघा. मोकळ्या हवेत आकडा ४२० च्या आसपास असतो. तो १००० दाखवत असेल तर तुमच्या प्रत्येक श्वासातली साधारण दीड टक्का हवा आधी दुसऱ्या कोणाच्या तरी छातीतून बाहेर आलेली असते. तो माणूस निरोगी असेल तर काही नाही. नसेल तर?

आमच्या सोसायटीतली गोष्ट

आता जरा घरचं सांगते. आमच्या सोसायटीचंही रीडेव्हलपमेंट ठरतंय. आलेल्या दोन आराखड्यांपैकी एकात प्रत्येकाला पाऊणशे फूट जास्त मिळतात. पण ते फूट आले कुठून? बाजूची मोकळी जागा कमी करून. आणि एक बेडरूम आणि किचन डक्टकडे वळवून. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली ती अंधारी उभी विहीर, जिथून ड्रेनेजचे पाइप जातात.

मी मीटिंगमध्ये कागदावर साडेत्रेसष्ट अंशांची रेघ मारून दाखवली. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अगं बाळा, ऊन-वारा सगळं खरं, पण पाऊणशे फूट म्हणजे आजच्या भावाने किती होतात, कळतं का तुला?" खोटं नाही. त्यांच्या घरात सहा माणसं आहेत, त्यांना खरंच जागा हवीय. गर्दी हेही रोगाचं कारण आहे, हे मी स्वतःच आत्ता तुम्हाला सांगितलं.

मग तळमजल्यावरच्या काकू बोलल्या. त्या मीटिंगला सहसा बोलत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने सहा महिने टीबीची औषधं घेतली. आता तो ठणठणीत आहे. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. माझे वीस फूट कमी करा, पण खिडकी रस्त्याकडे द्या." काका गप्प झाले. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या मीटिंगमध्ये खिडकीवर अर्धा तास चर्चा झाली. मतदान अजून व्हायचंय.

डक्ट, नहाणी ट्रॅप आणि हाँगकाँग

डक्टचा विषय निघालाच आहे तर अजून एक. मार्च २००३, हाँगकाँग, सार्सची साथ. अमॉय गार्डन्स नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत ३०० हून जास्त लोकांना लागण झाली. एकमेकांना न भेटलेली, वेगवेगळ्या मजल्यांवरची माणसं! तपासात बोट गेलं बाथरूमच्या मोरीकडे.

आपल्याकडे मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात नेहमी थोडं पाणी साचून राहतं. ते पाणी म्हणजे झाकण, ड्रेनेजच्या पाइपातली हवा त्यामुळे घरात येत नाही. अमॉय गार्डन्समध्ये अनेक घरांतले असे ट्रॅप कोरडे पडले होते. बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनने पाइपातली दूषित हवा आत ओढली, आणि ती इमारतींमधल्या डक्टसारख्या अरुंद पोकळीतून दुसऱ्या घरांपर्यंत गेली, असा निष्कर्ष निघाला.

उपाय किती स्वस्त आहे बघा. जे बाथरूम वापरात नाही, त्याच्या मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. गावाला जाऊन आलात की आधी तेच करा.

आणि डास. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला. शहरातला मलेरिया पसरवणारा डास घरांच्या आवारातल्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढतोय असं त्यात होतं. दलदल लांब राहिली, डास अंगणातच होता. आज विहिरी गेल्या, पण गच्चीवरची टाकी आहे, लिफ्टचा खड्डा आहे, पोडियमवर साचलेलं पाणी आहे. घट्ट झाकण, गच्चीला नीट उतार आणि टाकीपर्यंत जायला धड शिडी, हे नकाशातच ठरतं. शिडी नसेल तर झाकण उघडं आहे की बंद, हे वर जाऊन बघणार कोण?

मीटिंगला काय विचारायचं

तर आता कामाचं. तुमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंट असेल आणि आई-बाबा मीटिंगला जात असतील, तर हे प्रश्न त्यांच्या व्हॉट्सॲपवर टाका. किंवा स्वतः जा.

एक, आमच्या इमारतीच्या चारही बाजूंना किती मीटर मोकळी जागा आहे? नियमातून काही सवलत मागितली आहे का?

दोन, शेजारच्या प्लॉटवर उद्या टॉवर झाला तर आमच्या खिडकीसमोर किती अंतर उरेल? आपली एक इमारत बघून चालत नाही, गल्ली बघावी लागते.

तीन, प्रत्येक खोलीची खिडकी कुठे उघडते, बाहेर की डक्टमध्ये? समोरासमोर खिडक्या आहेत का, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल?

चार, खिडकी उघडते किती? इथे फसगत होते, नीट ऐका. आपल्यासारख्या उष्ण आणि दमट हवेत उघडणारी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावी, असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, म्हणजे २० चौरस फूट उघडायला हवेत. पण दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते! २० फुटांची खिडकी लावली तर हवा मिळते १० फुटांची. म्हणून बाहेर उघडणारे पल्ले मागा, आणि मच्छरजाळी सुरुवातीलाच मागा. जाळी नसेल तर संध्याकाळी सहाला खिडकी बंद होणार, हे नवघरमध्ये कोणाला सांगायला नको.

पाच, जिना आणि लॉबी उघडी आहे की बंद डबा? गच्चीवरची टाकी साफ करायला माणूस पोचू शकतो का?

हे सगळं करारावर सही व्हायच्या आधी विचारायचं. टाइल्स नंतर बदलता येतात. गीझर, नळ, रंग नंतर बदलता येतो. दोन इमारतींमधलं अंतर पुढची पन्नास वर्षं बदलता येत नाही.

आणि जे आता जुन्याच घरात राहतायत त्यांच्यासाठी. खिडकीच्या ग्रिलमध्ये भरलेलं सामान काढा, निम्मी हवा तिथेच अडते. समोरासमोरची दारं-खिडक्या दिवसातून दोनदा तरी एकत्र उघडा. घरात कोणी खोकत असेल तर त्याची झोपायची जागा खिडकीजवळ ठेवा, कोपऱ्यातल्या खोलीत कोंडू नका.

जाता जाता तुम्हाला गृहपाठ. फोन हातात आहेच. त्यात लेव्हल किंवा कोन मोजायचं ॲप असतं, नसेल तर फुकट मिळतं. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या एखाद्या खिडकीपाशी उभे राहा. फोनची कड समोरच्या इमारतीच्या माथ्याच्या दिशेने धरा आणि आकडा वाचा. ६३.५ च्या आत आला तर नशीबवान आहात. वर गेला तर तो आकडा कमेंटमध्ये लिहा, सोबत फक्त गावाचं किंवा उपनगराचं नाव. मी माझा सांगते, नवघर, ७४ अंश.

तुमचा किती? वाट बघते. काळजी घ्या, खिडकी उघडा, भेटू पुढच्या भागात.